दोन सारखेच छोटे टॉर्च: कोणता ठेवायचा, कोणता परत करायचा

दोन टॉर्च समोर आहेत. दोन्ही ॲल्युमिनियमचे, दहा-अकरा सेंटिमीटर लांब, एका सेलवर चालणारे, खिशात मावणारे. दोन्हींच्या खोक्यावर १००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) छापलंय आणि किमतीतही फारसा फरक नाही. अशा वेळी बहुतेक जण चार लुमेन जास्त असलेला किंवा जास्त मोडवाला टॉर्च उचलतात. निवडीला सगळ्यात कमी उपयोगी पडणाऱ्या गोष्टी नेमक्या याच दोन. खरा फरक असतो सेलमध्ये, मधल्या मोडमध्ये आणि बटणात. तपासणीही त्याच क्रमाने करावी. रंग, क्लिप आणि दोरी शेवटी बघितली तरी चालते.

आधी सेल

सारख्या दिसणाऱ्या दोन टॉर्चमध्ये सेल मात्र वेगळ्या जातीचा असू शकतो. छोट्या टॉर्चमध्ये मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

डबल ए हा सगळ्यांच्या ओळखीचा. साध्या अल्कलाइन सेलचा व्होल्टेज १.५, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचा १.२. रिचार्जेबल सेलची क्षमता २००० ते २५०० मिलिअँपिअर-तास असते, म्हणजे साधारण अडीच ते तीन वॉट-तास ऊर्जा. अल्कलाइनवर आकडा याहून मोठा दिसतो, पण तो घड्याळ किंवा रिमोटसारख्या हळूहळू वीज घेणाऱ्या वस्तूंसाठी खरा. टॉर्च पूर्ण उजेडावर एक अँपिअर किंवा जास्त ओढतो, तेव्हा अल्कलाइन आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी देतो. त्यामुळे रोज वापरायचा डबल एचा टॉर्च रिचार्जेबल सेलवरच चालवावा.

१४५०० हा आकाराने डबल एएवढाच, पण लिथियम-आयन. पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट. दोन्ही प्रकारचे सेल चालणाऱ्या टॉर्चमध्ये १४५०० घातला की उजेड एकदम तिप्पट-चौपट होतो. साठा मात्र तेवढा वाढत नाही, तो जेमतेम तीन ते साडेतीन वॉट-तास असतो. भपका मोठा, टिकाव थोडा. आणि ज्या टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नाही, त्यात तो घालून बघायचा नाही. दीड व्होल्टसाठी बनलेल्या सर्किटला ४.२ व्होल्ट मिळाले की सर्किट किंवा एलईडी जळतो, कधी पहिल्याच सेकंदाला.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम-आयन सेल. क्षमता २६०० ते ३५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साडेनऊ ते साडेबारा वॉट-तास. टॉर्च डबल एवाल्यापेक्षा थोडाच जाड, ऊर्जा मात्र चौपट. दोन टॉर्चमध्ये एक १४५००वर आणि दुसरा १८६५०वर चालत असेल, तर खोक्यावरचे आकडे कितीही सारखे असोत, ते एकाच वर्गातले टॉर्च नाहीत. १८६५०वर ५००० किंवा ९९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल बनावट समजावा, कारण या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. वजनावरूनही कळतं: चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. वजनकाट्यावर तीसच्या आसपास दिसला तर तो चार्जरलाही लावू नका.

सेल बाहेर काढता येतो का, हाही प्रश्न इथेच सोडवून टाकायचा. लिथियम-आयन सेल तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाला की त्याची क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते, आणि नुसता पडून राहिला तरी वर्षागणिक घटतेच. सेल आत पक्का बसवलेला असेल, तर सेलबरोबर टॉर्चही गेला. बाकी सगळं बरोबरीचं असेल तर सेल बदलता येणाराच घ्यावा. किल्लीच्या जुडग्यात अडकवायच्या इवल्याशा टॉर्चला मात्र हा नियम लावण्यात अर्थ नाही, कारण तिथे बदलता येणाऱ्या सेलसाठी जागाच नसते.

बदलता येतो म्हणजे कोणताही बसतो असं नाही. संरक्षक सर्किट असलेले १८६५० साध्यापेक्षा तीन ते पाच मिलिमीटर जास्त लांब असतात आणि काही टॉर्चमध्ये झाकण पूर्ण बंद होऊ देत नाहीत. काही टॉर्चना वर टोक असलेलाच सेल लागतो, सपाट डोक्याचा चालत नाही. जादा सेल घेण्याआधी मूळ सेलची लांबी मोजा आणि त्याचं डोकं बघा.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

टॉर्चचे आकडे मोजण्याचं एक प्रमाण आहे: एएनएसआय एफएल-१, पहिल्यांदा २००९मध्ये आलेलं. खोक्यावर चौकोनी छोटी चिन्हं आणि हे नाव असेल, तर आकडे कोणत्या अर्थाने दिलेत ते तरी कळतं. त्यातल्या व्याख्या माहीत नसल्या की मात्र फसगत ठरलेली.

लुमेन, म्हणजे बाहेर पडणारा एकूण उजेड, टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात मोजला जातो. त्यानंतर तिसऱ्या मिनिटाला तो निम्म्यावर आला तरी खोक्यावरचा आकडा खोटा ठरत नाही. चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘१००० लुमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास १००० लुमेन असा नसून ‘तीन तासांनी १०० लुमेन उरतील’ असा असू शकतो. मधल्या वेळात काय झालं ते फक्त आलेखात दिसतं. दोनपैकी एकाच कंपनीने वेळ आणि उजेडाचा आलेख दिला असेल, तर तेवढ्यावरूनच तिच्या बाजूने एक गुण टाकायला हरकत नाही.

आलेख नसेल तर साधा गुणाकार करा. चांगला एलईडी आणि चांगलं सर्किट मिळून ढोबळमानाने एका वॉटला १०० लुमेन धरावेत. सेलचे वॉट-तास गुणिले १०० म्हणजे त्या टॉर्चमधून मिळू शकणारे एकूण लुमेन-तास.

१८६५०, ३००० मिलिअँपिअर-तास: ३ × ३.६ = १०.८ वॉट-तास, म्हणजे सुमारे १०८० लुमेन-तास. ३०० लुमेनवर साडेतीन तास, १०० लुमेनवर साधारण अकरा तास.

डबल ए रिचार्जेबल, २००० मिलिअँपिअर-तास: २ × १.२ = २.४ वॉट-तास, म्हणजे २४० लुमेन-तास. १०० लुमेनवर साधारण अडीच तास.

आता खोक्यावर ‘एका डबल ए सेलवर ५०० लुमेन, ३ तास’ असं दिसलं तर ते १५०० लुमेन-तास झाले. त्यासाठी पंधरा वॉट-तास हवेत आणि सेलमध्ये अडीच आहेत. हिशोब दीडपटीने चुकला तर समजू शकतो, कारण मंद मोडवर एलईडी जास्त कार्यक्षम असतो. सहापट चुकला तर तो टॉर्च तिथेच बाद करावा.

दुसरी मर्यादा उष्णतेची. १००० लुमेन म्हणजे सुमारे दहा वॉट, आणि त्यातला मोठा भाग उष्णता होऊन डोक्यात साठतो. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची नळी सतत तीन-चार वॉटच बाहेर टाकू शकते. त्यामुळे या आकाराचा कोणताही टॉर्च एक ते पाच मिनिटांत आपोआप ३०० ते ४०० लुमेनवर उतरतो. उतरलाच नाही तर हातात धरवत नाही आणि आतला एलईडी लवकर म्हातारा होतो. म्हणजे सगळ्यात वरचा मोड क्षणभर लांबचं बघण्यासाठी. तासभर चालायला, दुरुस्ती करायला, सामान शोधायला वापरायचा तो मधला मोड. तेव्हा दोन टॉर्चची तुलना मधल्या मोडवर करा.

इथे डोळ्याचा स्वभावही लक्षात ठेवावा. उजेड दुप्पट भासायला लुमेन जवळपास चौपट लागतात. १००० आणि ११००मधला फरक डोळ्याला कळतच नाही. याउलट एका टॉर्चचे मोड १०००, ३००, ५० आणि ५ असतील आणि दुसऱ्याचे १०००, ६०० आणि ४००, तर दुसऱ्याचे तिन्ही मोड जवळजवळ सारखेच वाटतील. अंधारात नकाशा वाचायला किंवा झोपलेल्यांना न उठवता खोलीतून जायला त्याच्याकडे काहीच नाही. ५ लुमेनचा किंवा त्याहून मंद मोड असलाच पाहिजे. त्याच मोडवर एक सेल कित्येक दिवस पुरतो.

झोत: लांब की रुंद

लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो एका दिशेला किती एकवटलाय ते कँडेला सांगतं. झोताचं अंतर यावरून निघतं: कँडेलाचं वर्गमूळ काढून दोनने गुणा. २५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. अंतर दुप्पट करायला कँडेला चौपट. पण हे अंतर जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, तिथपर्यंतचं असतं. तिथे उभा माणूस ओळखू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. कामाचं दिसणं खोक्यावरच्या अंतराच्या निम्म्यात संपतं.

दोन टॉर्चचे लुमेन सारखे आणि कँडेलात तिपटीचा फरक असेल, तर ते दोन वेगळ्या कामांचे टॉर्च आहेत. जास्त कँडेलावाल्याच्या झोतात मध्ये प्रखर ठिपका आणि भोवती फिकट उजेड असतो. मोकळ्या जागेत लांबचं बघायला तो उत्तम. घरात, गाडीखाली, तंबूत तोच ठिपका डोळ्यांवर येतो: पांढऱ्या कागदावर पडला की अक्षरं दिसेनाशी होतात. अशा जवळच्या कामाला खडबडीत रिफ्लेक्टर किंवा पसरट भिंग असलेला कमी कँडेलाचा टॉर्च बरा. पुढचं तोंड ओढून झोत लहानमोठा करता येणारे टॉर्च दोन्ही कामं करतील असं वाटतं. पण झोत बारीक केला की भिंगाबाहेर पडणारा बराच उजेड वाया जातो, आणि सरकणाऱ्या सांध्यातून पाणी-धूळ आत शिरायला वाट मिळते. दोनपैकी एक असा असेल तर दुसरा घ्यावा.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडक्यात. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ४००० ते ५००० म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जवळचा. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० किंवा वर असेल तर वायरचे तपकिरी आणि लाल रंग वेगळे कळतात, जखम नीट दिसते. ७०च्या आसपास असेल तर सगळं फिकट वाटतं. त्याच सेलवर जास्त सीआरआयच्या एलईडीचे लुमेन थोडे कमी पडतात. १०००ऐवजी ८०० दिसले म्हणून अशा टॉर्चला नावं ठेवू नयेत. वायरिंगचं किंवा रंगकाम करणाऱ्याने तर तोच घ्यावा.

बटण

मागच्या टोकाचं बटण अंधारात चाचपडत पटकन सापडतं. टॉर्चच्या अंगावरचं बटण नेहमीच्या पकडीत अंगठ्याखाली येतं आणि मोड बदलायला सोपं पडतं. दोन्ही चांगले, सवयीचा प्रश्न. मागचं बटण बाहेर आलेलं असेल तर टॉर्च शेपटीवर उभा राहत नाही, आणि छताकडे तोंड करून उभा केलेला टॉर्च वीज गेल्यावर अख्खी खोली उजळतो. हे उभं राहणं वरवर किरकोळ वाटतं, पण घरच्या टॉर्चला ते पन्नास लुमेनपेक्षा मोलाचं.

मोडच्या फेऱ्यात मोठा, मधला, मंद आणि लगेच लुकलुकणारा झगमगाट व मदतीचा एसओएस इशारा येत असेल, तर प्रत्येक वेळी मंदवर यायला झगमगाटातून जावं लागतं. असा टॉर्च आठवड्याभरात डोकं उठवतो. लुकलुकणं दोनदा दाबल्यावर किंवा लांब दाबल्यावर येत असेल तर ठीक. टॉर्च शेवटचा मोड लक्षात ठेवतो का, आणि बंद असताना लांब दाबून थेट मंद मोड लागतो का, हेही बघा. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असताना पहिल्या दाबाला १००० लुमेन अंगावर आले की पुढची वीस मिनिटं नीट दिसत नाही.

अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक बटणाचा एक छुपा तोटा: टॉर्च बंद असतानाही सर्किट किंचित वीज पीत राहतं. चांगल्या टॉर्चमध्ये हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. ५० मायक्रोअँपिअरला २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल हिशोबाने साडेचार वर्षं पुरेल. हाच प्रवाह १ मिलिअँपिअर असेल तर तोच सेल ८३ दिवसांत रिकामा, म्हणजे ड्रॉवरमधला टॉर्च गरजेच्या वेळी मेलेला.

त्यावर आणि खिशात चुकून लागण्यावर उपाय एकच: मागचं झाकण पाव फेरा सैल करणं. ते चालेल की नाही हे आट्यांच्या रंगावरून कळतं. आटे टॉर्चच्या अंगाच्याच रंगाचे, ॲनोडाइझ केलेले (वीज न वाहणारा थर चढवलेले) असतील तर झाकण सैल होताच वीज तुटते. आटे उघड्या चांदीसारखे चमकत असतील तर त्यांतूनच वीज जाते आणि सैल करून उपयोग होत नाही. १००० लुमेनचा टॉर्च खिशात लागला तर कापड करपू शकतं, त्यामुळे हे बघायचंच.

दोन्ही हातात आल्यावर

परत करण्याची मुदत असेपर्यंत पुढच्या तपासण्या उरकून घ्या. लागतात फक्त मोबाइल, घड्याळ, पांढरी भिंत आणि पाण्याचं पातेलं. मल्टिमीटर असेल तर उत्तम.

१. काचेतून आत बघा, टॉर्च बंद ठेवून. एलईडी रिफ्लेक्टरच्या बरोबर मध्ये हवा. आत धूळ किंवा बोटाचा ठसा नको. झाकण उघडून आटे फिरवा: वाळू अडकल्यासारखी करकर आली तर पुसून, सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून पुन्हा फिरवा. तरीही करकर राहिली तर आटे नीट कापलेले नाहीत.

२. पांढऱ्या भिंतीपासून एक मीटरवर मधला मोड लावा. ठिपक्याच्या मध्ये काळसर डाग दिसला तर एलईडीचं अंतर चुकलंय. कडेला हिरवट छटा काही एलईडींना असतेच, पण दोन टॉर्च शेजारी धरले की कोणाची जास्त ते लगेच कळतं.

३. सगळ्यात मंद मोड लावून झोतात बोटं भराभर हलवा. बोटांच्या तुटक-तुटक प्रतिमा दिसल्या तर हा टॉर्च एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टेही दिसतील. काहींना याने डोकं दुखतं, शिवाय वीजही वाया जाते. स्थिर प्रवाह देणारं सर्किट केव्हाही सरस.

४. आता मुख्य चाचणी. दोन्ही टॉर्चचे सेल पूर्ण चार्ज करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभा करा, मोबाइलवर लक्समीटरचं ॲप लावून दीड मीटरवर टेबलावर पालथा न पडेल असा, स्क्रीन वर करून ठेवा. सगळ्यात वरच्या मोडवर ३० सेकंद, २ मिनिटं, ५, १०, ३० आणि ६० मिनिटांनी आकडा टिपा. मग सेल पुन्हा भरून हेच मधल्या मोडवर. नंतर दुसरा टॉर्च नेमक्या त्याच जागी. मोबाइलचे लक्स अचूक नसतात, पण एकाच फोनवर, एकाच जागी घेतलेल्या आकड्यांचं प्रमाण विश्वासाचं असतं. पहिल्या टॉर्चचे आकडे १००, ९५, ४०, ४०, ४०, ३९ असे आले आणि दुसऱ्याचे १०५, ७०, ५०, ४२, २८, १५, तर पहिल्यात उजेड सांभाळणारं सर्किट आहे आणि दुसरा सेलच्या व्होल्टेजबरोबर घसरतोय. सुरुवातीला दुसराच जास्त प्रखर वाटला होता हेही लक्षात घ्या.

५. याच वेळी दहाव्या मिनिटाला टॉर्चचं डोकं हाताने बघा. कोमट ते गरम ठीक. धरवत नसेल आणि उजेडही उतरला नसेल तर उष्णतेवर नियंत्रण नाही.

६. यूएसबी-सी असेल तर दोन केबलने चार्ज करून बघा: एका टोकाला जुनी चौकोनी पिन असलेली आणि दोन्ही टोकांना सी असलेली. पुष्कळ टॉर्चमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात आणि ते सी-ते-सी केबलवर चार्जच होत नाहीत. बिघाड नसतो, पण प्रवासात फक्त तसाच चार्जर जवळ असला की अडचण होते. कंपनीचीच चुंबकी केबल लागणारा टॉर्च त्याहून वाईट. केबल हरवली की संपलं.

७. खोक्यावर आयपीएक्स७ किंवा ८ (पाण्यात बुडाला तरी चालेल याची खूण) असेल तरच ही तपासणी: झाकण आणि चार्जिंगच्या छिद्राचं रबर घट्ट बसवून, टॉर्च बंद ठेवून अर्धा तास पातेल्यात बुडवा. काढून बाहेरून पुसा, दोन मिनिटं मधल्या मोडवर लावा. काचेच्या आत वाफ धरली तर पाणी गेलंय. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, त्याला बुडवू नका.

८. मल्टिमीटर असेल आणि बटण अंगावर असेल तर मागचं झाकण काढून सेलचं ऋण टोक आणि नळीची उघडी कड यांच्यामध्ये तारा लावा. आधी मोठी रेंज, आकडा छोटा दिसला की मग मिलिअँपिअर आणि मायक्रोअँपिअर. या वेळी चुकून बटण दाबलं तर मीटरचा फ्यूज उडू शकतो.

निकाल लावताना चौथ्या चाचणीतला मधल्या मोडचा तासाभरानंतरचा आकडा आणि मंद मोड असणं-नसणं यांना पहिला मान द्यावा. तिथेही बरोबरी झाली तर सेल बदलता येणारा ठेवा. तीही बरोबरी असेल तर बटण डोळे मिटून सापडणारा. घर आणि गाडीतल्या आपत्कालीन वापरासाठी मात्र उलटा विचार करावा: तिथे डबल एवाला, आणि आत दीड व्होल्टचे लिथियम सेल. हे रिचार्ज होत नाहीत, पण वर्षानुवर्षं पडून टिकतात, थंडीत काम देतात आणि अल्कलाइनसारखे सहसा गळत नाहीत.

अल्कलाइनच वापरायचे असतील तर महिनाभर टॉर्च लागणार नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो, तो कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचा, मग स्पिरिटने, आणि पूर्ण सुकल्यावरच नवा सेल घालायचा. लिथियम-आयन सेल लांब ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. झाकणाच्या सांध्यातल्या रबरी कड्याला, म्हणजे ओ-रिंगला, सिलिकॉन ग्रीस वर्षातून दोनदा. खोक्यातल्या छोट्या पिशवीत जादा ओ-रिंग येतात, त्या खोक्याबरोबर फेकल्या जाण्याआधी काढून घ्या. नेमक्या मापाची रिंग नंतर सुटी मिळणं अवघड असतं.